आदल्या दिवशी दाढी करून या

लेझरची अपॉइंटमेंट घेतली की व्हॉट्सअॅपवर एक यादी येते. ज्यांनी कधी नुसती चौकशी केली असेल त्यांच्याकडेही ती असेल. गुलाबी रंग, कोपऱ्यात कुणाचे तरी गोरेपान पाय. चार आठवडे आधीपासून थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद. उन्हात जाऊ नका. ब्लीच करू नका. हळद-बेसन लावू नका. पिंपल्सची, गोरं करण्याची क्रीम आठवडाभर आधी थांबवा. येताना मेकअप नको, डिओ नको. आणि शेवटी, ‘आदल्या दिवशी त्या भागावर शेव्ह करून या.’ मी हनुवटी आणि गळ्यासाठी विचारलं होतं. म्हणजे सरळ मराठीत, आदल्या दिवशी दाढी करून या.

यादीतली एकही ओळ चुकीची नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली कुणीतरी डॉक्टर येऊन मला विज्ञान शिकवतील. माझं भांडण वेगळं आहे. या यादीत तयारी फक्त माझी आहे. मी काय सोडायचं, मी काय टाळायचं, मी कशी यायचं. यंत्र हातात धरणाऱ्याने माझ्यासाठी काय तयारी केली, याची यादी मला आजवर कुणी पाठवलेली नाही. आणि जुन्या जालन्यात राहणाऱ्या मुलीला ही गुलाबी यादी पाळायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे ती यादी लिहिणाऱ्याला माहीत नाही.

आधी यंत्राचं बघू. केसाला काळेपणा देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. लेझरचा प्रकाश हे मेलॅनिन शोषून घेतं, त्याची उष्णता होते, ती केसावाटे मुळाशी जाते आणि मूळ भाजून निघतं. कातडी शाबूत ठेवून फक्त हवं तेवढंच भाजायचं, हे तत्त्व बॉस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ साली मांडलं. एवढं कळलं की यादी आपोआप उलगडते. थ्रेडिंगने केस मुळासकट उपटला जातो, मग भाजायला उरतं काय? म्हणून चार आठवडे बंद. कातडीच्या वर केस राहिला तर वरचाच केस जळतो आणि कातडी पोळते, म्हणून रेझर. ब्लीच केलेल्या केसात रंगच नाही, तो लेझरला दिसत नाही. पांढरा केसही दिसत नाही, त्यामुळे आजीच्या हनुवटीवरच्या त्या एका राठ पांढऱ्या केसाला लेझर काही करू शकत नाही. (आजीच्या हनुवटीवर गोंदण असेल तर त्यावर लेझर मारायचाच नाही. गोंदणाच्या रंगालाही तो केसच समजतो आणि फोड येतात. हे गुलाबी यादीत नसतं, कारण आजी त्यांच्या गिऱ्हाइकात धरलेलीच नाही.)

आणि ऊन? उन्हाने कातडीतलं मेलॅनिन वाढतं. मग लेझरला केस कोणता आणि कातडी कोणती, यातला फरक कमी दिसतो आणि तो कातडी भाजतो. कबूल. पण आमच्या कातडीत मेलॅनिन जन्मापासूनच भरपूर आहे, त्याचं काय?

कातडीचे प्रकार मोजायची जी पट्टी जगभर वापरतात ती फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ साली केली. सोरायसिसच्या रुग्णांना प्रकाशाचा उपचार देताना किती मात्रा द्यायची हे ठरवण्यासाठी. ती होती गोऱ्या माणसांसाठी. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या कातडीचे दोन नंबर तिच्यात नंतर जोडले गेले. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या नंबरात बसतो. अशा कातडीवर कोणतं यंत्र वापरलं जातं हा प्रश्न उन्हाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या कातडीवर छान चालतो, आमच्यावर तो भाजण्याचा धोका जास्त. ८०० ते ८१० च्या आसपासचा डायोड मधला, नीट सेटिंग ठेवलं तर चालणारा. १०६४ चा एनडी-याग खोल जातो आणि वरच्या कातडीतलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं, म्हणून गडद कातडीसाठी तो सगळ्यांत सुरक्षित मानतात. आयपीएल नावाचं जे स्वस्तात मिळतं, तो तर लेझरच नाही, गाळणी लावलेला झगझगीत प्रकाश आहे. हे चार आकडे एका ओळीत मावतात. गुलाबी यादीत जागा होती.

पण यादीत आहे काय? उन्हात जाऊ नका.

मी एमआयडीसीतल्या एका स्टील कंपनीत अकाउंट्सला आहे. रोज स्कूटीवर कुंडलिका ओलांडून जाते-येते. जालन्याच्या पोरी स्टोल कसा बांधतात ते बाहेरच्या लोकांना विनोदी वाटतं, डोळे सोडून सगळं बंद, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि सिग्नलला थांबलं की खालचा डांबरी रस्ता वरच्या सूर्याइतकाच तापलेला. तरी मी सुखी. माझी मामेबहीण घनसावंगी तालुक्यात राहते. बारावी झाली, आता कापूस वेचणीला जाते, पावसाळ्यात खुरपायला. वेचणीचे पैसे साठवून तिला वरच्या ओठाचं लेझर करायचंय. मी तिला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, “ताई, महिनाभर उन्हात जायचं नाही म्हणजे वेचणीला जायचं नाही. आन् वेचणीला गेले नाही तर लेझरला पैसे कुठून आणू?”

या प्रश्नाला कुणाकडे उत्तर असेल तर द्या. जालना हे बियाण्यांचं गाव आहे, महिको इथेच १९६४ साली सुरू झाली. आज देऊळगावराजाच्या बाजूला गेलात तर शेडनेटच्या रांगा दिसतात, बियाण्याच्या टोमॅटो-मिरचीला ऊन सोसत नाही म्हणून. रोपाला जाळी मिळते. जी बाई त्या रोपांच्या फुलांवर दिवसभर वाकून काम करते, तिने बाहेर आल्यावर ‘उन्हात जाऊ नका’ पाळायचं.

‘उन्हात जाऊ नका’ ही ओळ अशी आहे की ती इथे कुणीच पूर्ण पाळू शकत नाही. म्हणून ती क्लिनिकसाठी सोन्याची आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या हनुवटीखाली तिसऱ्या सेशननंतर रुपयाएवढे दोन डाग उठले, आधी लाल, मग काळे. ती परत गेली तेव्हा पहिला प्रश्न आला, “उन्हात गेला होतात का?” गेली होती. क्लिनिक छत्रपती संभाजीनगरात, घर जालन्यात, मधे साठेक किलोमीटर, एसटीची खिडकी आणि स्टँडपासून घरापर्यंतची पायपीट. तिने खरं सांगितलं आणि विषय तिथेच संपला. सेटिंग किती ठेवलं होतं, आधी छोट्या जागेवर चाचणी का केली नाही, त्या दिवशी डॉक्टर होते की फक्त टेक्निशियन, हे प्रश्न विचारायच्या आधीच ती गुन्हेगार ठरली होती. डाग वर्षभर राहिले. तेवढं वर्ष तिने ओढणी गळ्याभोवती गुंडाळून काढलं, म्हणजे केस होते तेव्हा काढायची तसंच.

आणखी एक गंमत बघा. यादी मराठीत असते. पण सेशनच्या आधी जो कागद सहीसाठी पुढे करतात तो इंग्रजीत असतो. दोन पानं, बारीक टाईप. त्यात लिहिलेलं असतं की भाजू शकतं, फोड येऊ शकतात, काळे किंवा पांढरे डाग पडू शकतात, केस वाढूही शकतात, आणि या सगळ्याची मला कल्पना दिलेली आहे. मी बी.कॉम. आहे, बॅलन्सशीट वाचते, तरी मला तो कागद समजायला वीस मिनिटं लागली. समोरची मुलगी पेन घेऊन उभी. “मॅडम, फॉर्मॅलिटी आहे.” माझी कर्तव्यं मला कळणाऱ्या भाषेत आणि माझे धोके न कळणाऱ्या भाषेत, ही वाटणी कुणी बसून ठरवली नसेलही. पण ती फायद्याची कुणाच्या आहे हे बघा.

मधेच ते एक वाक्य वाचलंत ना, ‘केस वाढूही शकतात’? ते छापायची चूक नाही. चेहऱ्यावर, जबड्याच्या कडेला आणि गळ्यावर लेझर केल्यानंतर काही जणींचे बारीक लव असलेले केस जाड आणि काळे होतात. वैद्यकीय लेखनात हे नोंदलेलं आहे. सावळ्या-गव्हाळ कातडीत आणि हार्मोनचा त्रास असलेल्यांत ते जास्त दिसतं. म्हणजे नेमकं आमच्यात. तरीही ‘फुल फेस’ पॅकेज विकलं जातं, गालावरच्या लवेसकट. हनुवटीवरच्या जाड केसांसाठी आलेल्या मुलीला ‘मॅडम, फुल फेस घ्या, स्वस्तात पडेल’ म्हणणं हे धंद्याच्या भाषेत अपसेलिंग असेल. माझ्या भाषेत त्याला दुसरा शब्द आहे, संपादक छापणार नाहीत.

आता घरात येऊ.

चार आठवडे थ्रेडिंग बंद. हे लिहिणाऱ्याच्या घरी बहुतेक आई, आजी, काकू आणि शेजारच्या मावशी एका छपराखाली राहत नसाव्यात. मी सोळा वर्षांची असल्यापासून दर दहा दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पार्लरमध्ये जाते. पार्लरवाल्या ताईंना माझ्या हनुवटीचा नकाशा पाठ आहे. थ्रेडिंग थांबवलं की पाचव्या दिवशी दिसायला लागतं आणि दहाव्या दिवशी लोक डोळ्यांऐवजी हनुवटीकडे बघून बोलतात. यावर उपाय यादीतच आहे, रेझर. चार आठवडे रेझर वापरायला कसलीच हरकत नाही, मूळ जागेवर राहतं, केस दिसत नाहीत. साधा, स्वस्त, न दुखणारा उपाय.

फक्त तो घरात उच्चारून बघा.

“काय करायलीस तू? बाईच्या जातीनं वस्तरा लावायचा तोंडाला?” ही माझी मावशी. आई त्याहून हळू आवाजात, “एकदा लावला की दाटच येतेत गं. मग रोजच करावी लागती बापासारखी.” ही समजूत इतकी घट्ट आहे की लेझरसाठी अठरा हजार रुपये हप्त्याने द्यायला आई तयार झाली, पण वीस-पंचवीस रुपयांचा रेझर बाथरूममध्ये दिसला तर तिला झोप येत नाही.

रेझरने केस दाट होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हे मोजून दाखवलं. पुढे शंभर वर्षं होत आली, कुणालाही उलटं सापडलेलं नाही. केसाचं टोक निमुळतं असतं, रेझरने ते आडवं कापलं जातं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. कातडीच्या वर जे आहे ते मेलेलं असतं. त्याला कापलं काय न कापलं काय, खाली मुळाला पत्ताही लागत नाही. पण ट्रॉटरबाई आमच्या गल्लीत पोचल्या नाहीत. थ्रेडिंगने पण दाट होतात अशी भीती कुणालाच नाही, कारण दोरा बाईचा आणि वस्तरा पुरुषाचा.

खरंच पुरुषाचा? माझ्या पणजीच्या आधीच्या काळात याच महाराष्ट्रात बाईच्या डोक्याला वस्तरा लावणं हे धर्माचं काम होतं. नवरा मेला की न्हावी बोलवायचा. केशवपन. पोरगी बारा-तेरा वर्षांची असली तरी. तो वस्तरा तिच्या मर्जीने चालला की नाही हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते शेवटी नाभिकांनीच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्यांनी ठरवलं की विधवांची डोकी आम्ही भादरणार नाही. त्याच्या आठ वर्षं आधी, १८८२ साली, आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ आलं होतं, बाईवर लादलेल्या जिण्याबद्दल पुरुषांना भर चौकात जाब विचारणारं. म्हणजे बाईला वस्तरा चालत नाही असं आपल्याकडे कधीच नव्हतं. दुसऱ्याने धरलेला चालायचा. तिने स्वतःच्या हाताने, आरशासमोर, स्वतःच्या सोयीसाठी धरलेला चालत नाही.

मी आईला ट्रॉटरबाई सांगितल्या, लोखंडे सांगितले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं, पण बाथरूमचं दार लावून कर. बाप दाढी करायला जातो तिथं.” मी हा विजय समजते.

सोयरिकीचं गणितही यादीत नसतं. सेशन साधारण चार ते सहा आठवड्यांनी असतं, कारण एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात आणि लेझर फक्त वाढत्या केसाचं मूळ धरतो. सहा सेशन म्हणजे सहा-सात महिने तरी. आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर पाहुणे यायला लागतात, जमलं तर उन्हाळ्यात बार उडतो. नोव्हेंबरात सुरू केलं तर मेच्या लग्नापर्यंत जेमतेम सगळी सेशन्स बसतील, शेवटचा टप्पा भर उन्हाळ्यात. तरी ‘ब्रायडल पॅकेज, दोन महिन्यांत’ असा बोर्ड लागतो. लावणाऱ्याला भागाकार येतो, पण वधूचा बाप घाईत आहे हेही त्याला माहीत आहे.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले. हनुवटीवर, गळ्यावर, छातीवर, बेंबीखाली पुरुषासारखे जाड केस येणं याला हर्सुटिझम म्हणतात आणि त्यामागे बहुतेक वेळा पीसीओएस असतो. पाळी लांबणं, वजन वाढणं, पिंपल्स, डोक्यावरचे केस विरळ होणं, मानेच्या मागे काळपट पट्टा येणं, हे ज्यांना होतं त्यांना माहीत आहे मी काय म्हणतेय. कधी कारण थायरॉइडचं असतं, कधी प्रोलॅक्टिनचं, क्वचित अॅड्रिनल ग्रंथीचं. अचानक, काही महिन्यांतच खूप केस आले आणि आवाज जाड झाला तर गाठ आहे का हे ताबडतोब बघावं लागतं. म्हणजे हनुवटीवरचा केस हा निरोप असू शकतो. लेझरवाला निरोप्याला मारतो आणि पत्र न वाचताच फेकून देतो.

आणि पत्र वाचलं नाही तर पैसेही वाया जातात. आज आहेत त्या केसांची मुळं लेझर भाजतो. उद्या हार्मोन नवीन लवेला जाड केस बनवणार असेल तर त्याला लेझर थांबवत नाही. अमेरिकेच्या एफडीएने लेझर कंपन्यांना ‘कायमची घट’ म्हणायला परवानगी दिली आहे. ‘कायमचे काढणे’ म्हणायला दिलेली नाही. तो मान अजूनही जुन्या इलेक्ट्रोलिसिसचा आहे, एकेका केसाच्या मुळात सुई घालून वीज सोडायची, १८७५ साली एका डोळ्यांच्या डॉक्टरने पापणीच्या आत वळणाऱ्या केसांसाठी काढलेली युक्ती. तिला कातडीचा रंग लागत नाही, केसाचाही लागत नाही. पण ती किचकट आणि संथ आहे, पॅकेजमध्ये बसत नाही, म्हणून तिचा बोर्ड तुम्हाला दिसत नाही. दिसतो तो ‘परमनंट’चा.

मग पहिली तयारी कोणती असायला हवी होती? रक्त तपासणी. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, गरज वाटली तर सोनोग्राफी. माझ्या गुलाबी यादीत डिओ लावू नका असं आहे, पण पाळी नियमित येते का हा प्रश्न नाही. फोनवर विचारला नाही, फॉर्मवर विचारला नाही. अठरा हजार घेणाऱ्या जागी तो एकदाही उच्चारला गेला नाही.

तुम्ही म्हणाल, मग दाखव की डॉक्टरला, कुणी अडवलंय? सांगते. गांधी चमनला सरकारी स्त्री रुग्णालय आहे, आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढं. मी तिथे गेले तर आत पोचायच्या आधी तीन ओळखीचे भेटतील, आणि बिनलग्नाची पोरगी ‘बायकांच्या दवाखान्यात’ कशाला गेली होती हे संध्याकाळपर्यंत मावशीला कळेल. स्त्री रुग्णालय म्हणजे बाळंतपणाचं, नाहीतर ‘तसलं काही’. खासगी दवाखान्यातही तेच, बाकावर पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा, त्यात मी. एका सासूने मला विचारलंही होतं, “कितवा?” म्हणून जुन्या जालन्याची मुलगी पीसीओएससाठी दहा मिनिटांवर जात नाही आणि लेझरसाठी साठ किलोमीटर जाते. तिथे तिला कुणी ओळखत नाही. दुकान चकचकीत आहे, रिसेप्शनवरची मुलगी ‘मॅम’ म्हणते, आणि दारावर ‘स्त्री रोग’ असं लिहिलेलं नाही. लेझर क्लिनिकचा धंदा आमच्या केसांवर चालतो तेवढाच आमच्या या लाजेवर चालतो. ती लाज क्लिनिकने तयार केली नाही, ती आपणच पुरवलेली आहे. पण ती आहे हे त्यांना माहीत आहे, आणि एक साधा प्रश्न विचारून ते तिला वळसा घालू शकले असते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं. असे लेख वाचणाऱ्या मैत्रिणी मला म्हणतात, काढायचेच कशाला? नैसर्गिक आहे, स्वीकार. २०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीत पहिली आलेल्या मुलीच्या मिशीवरून लोकांनी तिला इंटरनेटवर सोलून काढलं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टोऱ्या टाकल्या. बरोबर केलं. मग रेझर विकणाऱ्या एका कंपनीने त्या मुलीला पाठिंबा देणारी पानभर जाहिरात केली, स्वतःचा लोगो खाली ठेवून. तिला ट्रोल करणारे तिच्या चेहऱ्यावर बोलले, तिची बाजू घेणारेही तिच्या चेहऱ्यावरच बोलले. एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा चेहरा सगळ्यांनी वापरला.

स्वीकाराचं मला वावडं नाही. पुण्या-मुंबईतल्या स्टुडिओत पायावरचे केस दाखवत फोटो काढणाऱ्या मुलीला माझा सलाम आहे. पण तो फोटो संपल्यावर ती ज्या रस्त्यावर उतरते तो रस्ता माझा नाही. माझ्या ऑफिसात ट्रकवाले येतात, बिलं घेऊन माझ्यासमोर बसतात. मला माझी हनुवटी विषय नको आहे, ना लाजेचा ना अभिमानाचा. मला अकाउंट्स करायची आहेत. ‘स्वीकार’ हा शब्द पीसीओएस असलेल्या मुलीला सांगणं म्हणजे दुसऱ्या पद्धतीने तोच निरोप न वाचणं आहे. ती स्वीकारेल, तपासणार नाही, आणि दहा वर्षांनी साखर निघाल्यावर कुणाची स्टोरी येणार नाही.

तर मी काय केलं? स्वतःची यादी केली, मराठीत, आणि चार ठिकाणी फोन केला. लेझर कोण मारणार, डॉक्टर असतील तर त्यांचा नोंदणी क्रमांक काय. यंत्र कोणतं, किती नॅनोमीटरचं. आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी करून काही दिवस थांबणार का. डोळ्यांवर चष्मा मला आणि मारणाऱ्याला दोघांना असेल ना, आणि भुवयांच्या खाली लेझर मारत नाही ना. प्रत्येक सेशनचं सेटिंग माझ्या कागदावर लिहून देणार का. संमतीपत्र मराठीत आहे का. पैसे सेशनवार घेणार की सगळे आधी. पावती मिळेल का, कारण पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय, आणि ग्राहक आयोग जालन्यातही आहे. कागद नसेल तर तिथे जाऊन मी काय दाखवणार, डाग?

पहिल्या ठिकाणी उत्तर आलं, “मॅम, अमेरिकन मशीन आहे.” नॅनोमीटर विचारल्यावर, “लेटेस्ट आहे मॅम.” दुसऱ्या ठिकाणी तीन वेळा फोन होल्डवर ठेवून शेवटी ऑफर वाढवली, बगलेचं फ्री. तिसऱ्या ठिकाणी एक बाई मोकळेपणाने म्हणाल्या, “एवढं कोणी विचारत नाही हो, मला विचारून सांगावं लागेल,” आणि खरंच दुसऱ्या दिवशी विचारून सांगितलं. डायोड, ८०८, डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात. मी त्या दोन दिवसांतला एक मागून ठेवलाय.

चौथ्या ठिकाणी डॉक्टरांनीच फोन उचलला. माझ्या प्रश्नांच्या आधी त्यांचेच प्रश्न सुरू झाले, पाळी कशी येते, वजन कधीपासून वाढलं, घरात कुणाला साखर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. वीस मिनिटं बोलले, एक रुपया मागितला नाही, आणि म्हणाले, “लेझर कुठे पळून जात नाही, आधी रिपोर्ट घेऊन या. तोवर रेझर वापरा, घाबरू नका.” पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात रक्त द्यायचं असतं, सकाळी, उपाशीपोटी. माझी तारीख ठरलेली नसते, हाच तर आजार आहे. म्हणून चिठ्ठी पर्समध्ये आहे, मामेबहिणीसाठी दुसरी करून घेतली आहे, आणि स्टेशन रोडच्या लॅबवाल्या दादांना विचारून ठेवलंय की आयत्या वेळी फोन केला तर चालेल का. चालेल म्हणाले, साडेसातला उघडतात.